अँटेनाचा उपास

घुमटाच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, रेडिओठाण्यात त्या दुपारी एक भलतंच कोडं येऊन बसलं होतं. यंत्रं सगळी उत्तम चालली होती, आणि तरी काहीच चालत नव्हतं.

कार्तिकातले दिवस. परतीचा पाऊस येऊन गेला होता, सड्यावरचं गवत सोनेरी व्हायला लागलं होतं आणि खाली शिरगाळ्याचा समुद्र शहाण्या बाळासारखा पडून होता. त्याच्याकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं, पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला दक्षिणेकडून जोराचा वारा उठणार होता. किनारा कार्यालयाने तारेच्या फोनवरून तसं कळवलं होतं. सगळ्या होड्यांनी आज घरी न येता उत्तरेच्या खाडीत आसऱ्याला जायचं होतं.

एरवी हा निरोप उपग्रहाने डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचवला असता. गावातल्या प्रत्येक होडीवर तळहाताएवढी उपग्रहपेटी होती. पण आज सूर्यच रुसला होता. सूर्याच्या अंगातून कधीकधी तापलेल्या कणांचा लोंढा सुटतो. त्याला सूर्यवादळ (सूर्याकडून अवकाशात धावणाऱ्या विद्युतभारित कणांचं वादळ) म्हणतात. त्या लोंढ्यात नाजूक यंत्रं बिघडू नयेत म्हणून उपग्रहांना काही तास झोपवून ठेवतात. हे वादळ रात्री येणार होतं, ते भर दुपारी बारालाच दारात उभं राहिलं. उपग्रह झोपले, होड्यांवरच्या पेट्या मुक्या झाल्या.

उरला तो सड्यावरचा जुना रेडिओ. त्याच्या लहरी आकाशात भटकायला जात नाहीत, उंच सड्यावरून निघतात आणि समुद्रावरून सरळ धावतात. सूर्यवादळाचा त्यांना फारसा जाच नाही.

“शिरगाळे ठाणं बोलतंय, शिरगाळे ठाणं,” आजोबा ध्वनिग्राहकात बोलत होते. “जलसखी, उत्तर दे.”

खरखर.

“जलसखी, उत्तर दे.”

अकरा वर्षांची तारका कुबल त्यांच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. जलसखी ही तिच्या आईची होडी. तारकाची आई, मंजिरी, त्या होडीची तांडेल होती, म्हणजे प्रमुख. किनाऱ्याजवळच्या आठ होड्यांनी आजोबांना उत्तर दिलं होतं, तेही विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं. पण चाळीस किलोमीटर आत गेलेल्या अकरा होड्यांपैकी एकीचाही शब्द येत नव्हता. जवळच्या होड्यांनी पुढे निरोप द्यावा, तर होडीची अँटेना बुटकी. एवढ्या लांबच्या होडीपर्यंत तिच्या लहरी गोल पृथ्वीवरच्या पाण्याच्या फुगवट्याआड अडतात.

“आईला तिथून खाडीत पोचायला किती वेळ लागेल?” तारकाने विचारलं.

“अडीच तास.” आजोबांनी घड्याळाकडे बघितलं. पावणेएक झाला होता. “म्हणजे साडेतीनच्या आत तिला कळायला हवं. नाहीतर ती रोजच्या वाटेने घरी निघेल आणि वाऱ्याच्या थेट तोंडात जाईल.”

तारकाचे आजोबा, दिगंबर केळुसकर, अंतराळयानांचे रेडिओ बनवण्यात केस पांढरे करून घरी परतले होते. मंगळाच्या पलीकडून आलेला आवाज त्यांनी ऐकला होता. आणि आज स्वतःच्या लेकीचा आवाज चाळीस किलोमीटरवरून येईना.

“नोंद्या, आकडे सांग,” ते म्हणाले.

नोंद्या हा ठाण्यातला यंत्रमानव. कमरेएवढा उंच, तीन पायांचा, पाठीवर सामान वाहायचा करंडा. रोज सकाळी सात वाजता मीटर बघून वहीत आकडे उतरवायचे, हे त्याचं काम. म्हणून तर त्याचं नाव नोंद्या. अक्षर एवढं वळणदार, की गावातली माणसं मुंजीच्या पत्रिकेवरचे पत्ते त्याच्याकडून लिहून घेत.

“जाणारी शक्ती पन्नास वॉट. परतणारी शक्ती शून्यच म्हणा ना. शेरा, उत्तम,” नोंद्या म्हणाला. “खरं तर गेले तीन आठवडे अत्युत्तम आहे. पूर्वी परतणारी शक्ती दोन वॉट असायची. मी रोज आनंदाने लिहितो.”

“परतणारी शक्ती म्हणजे?” तारकाने विचारलं. मीटरवर दोन काटे असतात हे तिने शंभरदा पाहिलं होतं, पण दोन कशाला, हे कधी विचारलं नव्हतं.

आजोबा चिंतेत असले तरी प्रश्न ऐकला की त्यांचा आवाज आपोआप शांत व्हायचा. “हा आपला प्रक्षेपक (आवाजाला रेडिओलहरींवर चढवून बाहेर ढकलणारं आणि आलेला आवाज ऐकवणारं यंत्र). यातून शक्ती निघते, केबलमधून खांबावर जाते आणि अँटेना ती हवेत सोडते. आता सांग, धक्क्याच्या भिंतीवर लाट आपटली की काय होतं?”

“परत फिरते.”

“आणि पुळणीवर आली की?”

“वाळूत जिरते.”

“तसंच. अँटेना चांगली असेल तर आलेली शक्ती तिच्यातून बाहेर जाते. ती मोडलेली, वाकलेली असेल तर भिंतीसारखी वागते आणि शक्ती केबलमधून माघारी येते. म्हणून मीटरला दोन काटे. एक फक्त जाणाऱ्या लाटा मोजतो, दुसरा फक्त परतणाऱ्या. दाराशी दोन पहारेकरी बसवावेत, एकाने बाहेर जाणारे मोजायचे, दुसऱ्याने आत येणारे. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही.”

तारका काट्यांकडे बघत राहिली. “मग परत काहीच येत नाही, म्हणजे अँटेनाने सगळी शक्ती घेतली.”

“मीटर तेच म्हणतंय.”

“मग आईला ऐकू का जात नाही?”

आजोबांनी चष्मा काढून पुसला. “तेच तर कोडं आहे, बाय. कदाचित मीटरच खोटं बोलत असेल. कदाचित प्रक्षेपकातून पन्नास निघतच नसतील. चल, एकेकाला विचारू.”

त्यांनी कपाटातून एक जड काळा डबा काढला. त्याच्या अंगावर पंखांसारख्या पट्ट्या होत्या. “हा मूक भार (अँटेनाच्या जागी जोडायचा डबा, आलेली सगळी शक्ती गिळतो, तिची उष्णता करतो, हवेत काही सोडत नाही). प्रक्षेपकाची परीक्षा याच्यापुढे.”

त्यांनी प्रक्षेपकाची केबल काढून तिथे तो डबा लावला. बटण दाबलं. मीटरने सांगितलं, गेले पन्नास, परतले शून्य. दोन मिनिटांनी आजोबा म्हणाले, “हात जवळ ने. टेकवू नकोस.”

डब्यातून तव्यासारखी ऊब येत होती.

“म्हणजे पन्नास वॉट खरंच निघतायत,” तारका म्हणाली. “प्रक्षेपक खरा बोलतोय. मीटरही.”

“मीही,” नोंद्या म्हणाला. “कुणी विचारलं नाही, पण मीही.”

सव्वा वाजला. केबल पुन्हा जागेवर लावून आजोबांनी परत हाका घातल्या. खरखर. त्यांनी दुर्बीण घेतली आणि खिडकीतून वर पाहिलं. ठाण्याची खोली सड्याच्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला होती. तिच्यापासून चाळीस मीटर वर, माथ्यावर, अँटेनाचा खांब होता. खांब सरळ होता. अँटेनाची एकही कांडी वाकली नव्हती.

“सगळेच निर्दोष,” आजोबा पुटपुटले. “पन्नास निघतात. अँटेना धड. परत काही येत नाही. मग मधल्या मधे जातात कुठे?”

मधल्या मधे. तारकाला एक वाटी आठवली, आणि कान गरम झाले.

“आजोबा, एक सांगू? रागवायचं नाही.”

“आता रागवायला वेळ नाही.”

“गेल्या वर्षी आईने शिरा केला होता. ती पाच दिवसांनी समुद्रावरून आली होती ना, तेव्हा. माझ्या हाती वाटी दिली आणि म्हणाली, वच्छीमावशीला देऊन ये. वाटेत मी थोडा खाल्ला. मग अजून थोडा. मावशीच्या दारात पोचले तेव्हा वाटीत तळाशी चमचाभर होता.”

आजोबांच्या भुवया वर गेल्या.

“पण मावशी म्हणाली, अगो, आज माझा सोमवारचा उपास, मला रवा चालायचा नाही, घेऊन जा. समुद्रावरून आलेल्या माणसाला वार कुठे आठवतो, आई विसरली होती. मी निघाले. आणि येताना उरलेला चमचाही खाल्ला.”

“मग?”

“मग आईने स्वच्छ वाटी बघितली आणि म्हणाली, वच्छीला आवडला वाटतं, काही म्हणता काही परत आलं नाही.”

आजोबांनी खुर्ची मागे सरकवली, इतक्या जोरात की नोंद्या तीन पावलं हटला.

“परत सांग. शेवटचं वाक्य.”

“काहीच परत आलं नाही, म्हणून आईला वाटलं, मावशीने खाल्लं.” तारकाचा आवाज आता हळूहळू वर चढत होता. “पण खाल्लं मी. जाताना पण आणि येताना पण. आजोबा, केबल खात असेल तर? जाताना शक्ती खाते, म्हणून आईपर्यंत आवाज पोचत नाही. आणि अँटेनाकडून जे परत निघतं तेही येताना खाते. म्हणून मीटरवर शून्य. उत्तम नाहीच ते. वाटी चाटून पुसून आलीय.”

“समज, केबल दहा घासांतले नऊ खाते,” आजोबा घाईघाईने कागदावर लिहू लागले. “पन्नास निघाले, खांबाशी पोचले पाच. त्यातलं थोडंसं परत फिरलं, त्याचेही दहातले नऊ घास वाटेत गेले. मीटरपाशी आलं काय, तर भुगा. बरोबर. बरोबर आहे, तारके. ऐकतानाही तसंच. होडीचा आवाज अँटेनाने धरला तरी खोलीत यायच्या आत केबलने गिळला.” मग ते थांबले. “पण हा तर्क झाला. केबलच चोर आहे, हे सिद्ध कसं करायचं? खरंच अँटेना सगळं घेत असेल, तरीही काटा शून्यच दाखवणार.”

तारकाने खालचा ओठ दातात धरला. आईला कसं कळलं असतं? आईला वार आठवला असता तर. सोमवार आहे, मावशी शिरा खाणार नाही, वाटी भरलेली परत यायला हवी, आणि रिकामी आली. मग आईने तारकाच्या तोंडाकडेच पाहिलं असतं.

“अँटेनाला उपास घडवू या,” ती म्हणाली.

“काय?” नोंद्या म्हणाला.

“खांबाच्या पायथ्याशी केबलचा जोड आहे ना, तो सोडवायचा. मग केबलच्या टोकाला कुणीच नाही खाणारं. शक्तीला पुढे वाटच नाही, म्हणजे सगळी परत यायला हवी. काटा वर चढला तर केबल प्रामाणिक. आणि तरी शून्यच राहिला, तर…”

“तर चोर सापडला.” आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, एकच क्षण. “मंगळयानावर काम करताना ही चाचणी आम्ही मोठ्या शब्दांत करायचो. उपास हा शब्द बरा आहे. पण पन्नासने नको हं. सगळी शक्ती उलटी आली तर प्रक्षेपकाला इजा होते. आपण पाच वॉटच पाठवू. केबल धड असेल तर तीन तरी परत दिसतील. माझे गुडघे काही तो चढ चढायचे नाहीत. तू जा. जोड सोडवून झाला की लांब उभी राहा आणि हात वर कर.”

तारका पळाली. जांभ्या दगडातून कोरलेल्या पायऱ्या होत्या, दोन दोन एका वेळी. ती माथ्यावर पोचली. जोड तिच्या कमरेच्या उंचीवर होता, जाड पितळी, फिरवून सोडवायचा. तिने तो फिरवला. तो सुटला आणि तिच्या हातावर थंडगार काहीतरी ओघळलं.

पाणी. तपकिरी, मातकट पाणी. आणि पितळेच्या आत हिरवट बुरशीसारखा थर.

तिने यंत्रासारखा हात वर केला. खालून नोंद्याचा कर्ण्यासारखा आवाज सड्यावर घुमला. “गेले पाच. परतले शून्य. पुन्हा बघतो. परतले शून्य. शेरा, उत्तम ना… शेरा राखून ठेवतो.”

सिद्ध झालं होतं. पण तारका नाचली नाही. ती त्या जोडाकडे बघत राहिली, आणि मग पायऱ्या उतरली, या वेळी एकेक.

“आजोबा, केबलमध्ये पाणी आहे,” ती दारातूनच म्हणाली. “आणि ते माझ्यामुळे आहे.”

आजोबा तिच्याकडे वळले.

“खंडेनवमीला तुम्ही सगळ्या यंत्रांची पूजा केलीत. मला वाटलं, खांबाजवळचा जोड कसा काळा, घाणेरडा दिसतोय. त्याच्यावर काळा चिकट पट्टा गुंडाळलेला होता, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात तसा. तो मी सोलून टाकला. मग देवाची तांब्या-पळी घासतो तसं चिंच आणि मीठ लावून जोड लख्ख घासला. हळदकुंकू वाहिलं. फूल ठेवलं.” तिचे डोळे भरून आले. “आणि नंतर परतीचा पाऊस आला.”

बाहेर टिटवी ओरडून गेली. आजोबा म्हणाले, “तो पट्टा म्हणजे जोडाची छत्री होती. ती गेली, पाणी आत शिरलं. जोडापासून इथपर्यंत केबल उताराने येते, त्यामुळे पाणी आतल्या आत पन्हळीसारखं खाली झिरपलं. त्यात मीठ. ओली केबल शक्ती पुढे नेत नाही, स्वतःच गिळते आणि तिची ऊब करून टाकते. चाळीस मीटरभर थोडी थोडी, म्हणून हाताला कळतसुद्धा नाही.”

“माझ्यामुळे आई…”

“डोळे पूस. यंत्राची पूजा करायची तर त्याला काय हवं ते आधी विचारायचं, एवढं शिकलीस तर पूजा फुकट गेली नाही. आणि चूक तुझी एकटीची नाही. तीन आठवडे तो शून्य बघून मी खूश होतो. आकडा कधी नव्हे इतका चांगला झाला, का झाला, हे मी एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाने विचारलं नाही.”

“मी सलग तेवीस दिवस उत्तम लिहिलं,” नोंद्या हळू आवाजात म्हणाला. “ते शब्द परत घेता येतात का?”

“खोडायचं नाही. खाली खरं लिहायचं. पण आता नाही.” आजोबांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. “चाळीस मीटर नवी केबल गावात नाही. तालुक्याहून यायला संध्याकाळ होईल. ओली केबल वाळायला आठवडा.”

तारकाने नाक पुसलं. खोलीतून खिडकीकडे, खिडकीतून खांबाकडे तिची नजर गेली. खांबावरची केबल, जोडापासून वरची, ती तर उभी होती. तिच्यात पाणी टिकलं नसणार, खालून गळून गेलं असणार. वाईट होती ती फक्त मधली.

“वाटी नेणारा चोर असेल,” ती सावकाश म्हणाली, “तर वाटी पाठवायचीच कशाला? मावशीला आपल्या घरी आणता येत नाही. पण कढई घेऊन आपण मावशीच्या दारात बसलो तर?”

आजोबांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की ते अंतराळयानाच्या दिवसांतल्या फोटोतल्यासारखे दिसू लागले.

“नोंद्या,” ते म्हणाले, “तुझ्या करंड्यात किती वजन मावतं?”

“चाळीस किलो. चढ असेल तर मी कुरकुरतो, पण थांबत नाही.”

मग जी धांदल उडाली ती सांगता सोय नाही. प्रक्षेपक सोडवला, सोळा किलो. बॅटरी, अठरा किलो. दोन्ही नोंद्याच्या पाठीवर दोरीने बांधली. तारकाने मीटर छातीशी धरलं, तान्ह्या बाळाला धरावं तसं, आणि गळ्यात हातभर लांबीची कोरडी केबल घातली. आजोबा काठी टेकत निघाले. “तुमचे गुडघे,” तारका म्हणाली. “गुडघ्यांना नंतर विचारू,” ते म्हणाले. प्रत्येक पायरीवर नोंद्याच्या सांध्यांतून कर्र, कर्र असा आवाज येत होता, आणि एका वळणावर त्याचा एक पाय घसरलाच. तारकाने मागून खांदा लावला. पितळी तांब्यासारखं तापलेलं त्याचं अंग तिच्या गालाला लागलं, तरी तिने सोडलं नाही.

तीनला दहा मिनिटं कमी असताना ते माथ्यावर पोचले.

आजोबांनी वरच्या जोडाचं तोंड स्वच्छ फडक्याने पुसलं, उन्हात धरलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं. तारकाने हातभर केबल लावली, मध्ये मीटर बसवलं. बॅटरी जोडली. प्रक्षेपकाचा हिरवा दिवा लागला.

“आधी पाच वॉट. आता पन्नास. वाच,” आजोबा म्हणाले.

तारका मीटरवर वाकली. “गेले पन्नास. परतले…” ती थांबली. “परतले तीन.”

“अरेरे,” नोंद्या म्हणाला. “शून्यापेक्षा वाईट.”

“वाईट नाही, वेड्या,” तारकाला हसू फुटलं. “खरं आहे. कुठलीच अँटेना अगदी शेवटचा घास खात नाही, थोडं उरतंच. पूर्वी खोलीत दोन दिसायचे, कारण केबल चांगली असतानाही वाटेत थोडं चाखायची. इथे मधे कुणीच नाही, म्हणून तीन. सत्तेचाळीस वॉट समुद्रावर गेले, नोंद्या.”

आजोबांनी ध्वनिग्राहक तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“शिरगाळे ठाणं बोलतंय. जलसखी, उत्तर दे.”

खरखर नव्हती. स्वच्छ, धुतलेल्या पाटीसारखी शांतता होती. आणि त्या शांततेतून, शेजारच्या अंगणातून यावा तसा आवाज आला.

“जलसखी ऐकतेय. तारका, तू तिथे काय करतेयस? आजोबा कुठे आहेत?”

“इथेच आहेत, घाम पुसतायत. आई, ऐक. सहाला दक्षिणेचा वारा उठणार आहे. घरी यायचं नाही. उत्तरेच्या खाडीत जा. सगळ्यांना सांग.”

“उत्तरेची खाडी. दक्षिणेचा वारा, सहा वाजता.” आई निरोप ऐकला की तो पुन्हा म्हणून दाखवायची, तांडेलाची सवय. “जाळी ओढून वीस मिनिटांत निघते. तुझा आवाज किती मोठा येतोय गं, कानाशी बसल्यासारखा.”

तारकाने एकेका होडीला नावाने हाक मारली. नोंद्याने वही काढली आणि खुणा करायला लागला. सात, आठ, नऊ, दहा. अकरावी शांतादुर्गा. तिच्याकडून काहीच येईना. तारकाने पुन्हा हाक मारली. आणि पुन्हा. तीन वाजून अठरा मिनिटं.

मग एक जाडाभरडा आवाज आला. “अगो बाय, जाळा ओढीत होतंव, हात खय मोकळे? पयल्याच हाकेक आयकलंय सगळा. वळवलंय होडी.”

“अकरा,” नोंद्या म्हणाला आणि वहीत अशी वळणदार रेघ मारली, की तिला वेलबुट्टीच म्हणावं. आजोबा खांबाला पाठ टेकून खालीच बसले आणि हात जोडून समुद्राकडे बघत राहिले. तारका मात्र सड्यावर गोल गोल धावत सुटली, गवत तुडवत, दोन्ही हात पसरून, श्वास संपेपर्यंत.

सहाला पाच मिनिटं कमी असताना उत्तरेच्या खाडीच्या राखणदाराने तारेच्या फोनवरून कळवलं, एकोणीस होड्या आत आल्या, सगळी माणसं सुखरूप. सहाला वारा उठला. तो सड्यावरून असा घोंघावत गेला, की खोलीची दारं धरून ठेवावी लागली.

आठवड्याने नवी केबल आली. आजोबांनी आणि तारकाने मिळून जोडावर नवा पट्टा गुंडाळला, तीन पदरी, वरून खाली नाही तर खालून वर, म्हणजे पन्हळीच्या कौलांसारखं पाणी बाहेर ओघळतं. आणि खांबाच्या पायथ्याशी छोट्या पेटीत दुसरं मीटर बसवलं. आता नोंद्या रोज दोन आकडे लिहितो, एक खोलीतला, एक खांबापाशी पोचलेल्या शक्तीचा. दोन्हींत नेहमीपेक्षा जास्त फरक पडला, की शेऱ्याच्या रकान्यात तो लिहितो, “वाटेत कुणीतरी खातंय.”

ही गोष्ट किनारा कार्यालयाला कळली. किनाऱ्यावर अशी अठरा रेडिओठाणी आहेत. पुढच्या रविवारी सकाळी सगळ्या ठाणेदारांना रेडिओवर एकत्र बोलावलं, आणि काय घडलं ते सांगायला आजोबांनी तारकालाच पुढे केलं. तिने जाणारी शक्ती सांगितली, परतणारी सांगितली, ओली केबल सांगितली. स्वतःची चूकही सांगितली, कारण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती.

ती थांबली तेव्हा लांबच्या एका ठाण्यावरून एक म्हातारा आवाज आला. “पोरी, गोष्ट छान सांगितलीस. पण आमच्याकडे तसली काही भानगड नाही. आमचा परतीचा आकडा बघशील तर शून्य. तीस वर्षांत इतका सुंदर आकडा बघितला नाही मी.”

तारकाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

“काका,” तारका अगदी अदबीने म्हणाली, “तो आकडा तुम्ही कुठे मोजलात? खोलीत की खांबाशी?”

पलीकडून चपला शोधत असल्याचा आवाज आला, दार करकरलं, आणि जिना चढणारी पावलं ऐकू येऊ लागली. आणि मग दुसऱ्या ठाण्यावरूनही तशीच पावलं. आणि तिसऱ्या.